इंद्रासाठी मांजर

“पर्शियन नको,” हेमाताई म्हणाल्या. “दिसायला छान, पण रोज विंचरावी लागते. नाही विंचरलं की केसांच्या गाठी होतात, कातडी ओढली जाते, मग ती वैतागते. तुमच्याकडं रोज विंचरणार कोण?”

“मी,” मी म्हणाले.

“शाळा, क्लास, गृहपाठ सांभाळून?”

“हो.”

“बघ हं. असं म्हणून लोक नेतात आणि दोन महिन्यांत परत आणून देतात. वर मलाच ऐकवतात, तुमची मांजर फार चिडकी निघाली म्हणून.”

मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि मोठ्या माणसांवर माझा काडीचाही विश्वास उरला नव्हता. पण या बाई मला पाहताक्षणी आवडल्या. खोलीत पप्पा होते, माझी कुंदाआत्या होती, हेमाताईंचे थोरले भाऊ विलासराव होते. तरी त्या त्यांच्या डोक्यांवरून थेट माझ्याशी बोलत होत्या. कोल्हापुरात भावाच्या बंगल्याच्या खालच्या मजल्यावर त्या राहायच्या, एका शाळेत चित्रकला शिकवायच्या आणि जातिवंत मांजरं पाळून त्यांची पिल्लं विकायच्या. सोफ्याच्या हातांचं भुसकट झालेलं, पडद्यांना ओढलेले दोरे, आणि जिथं बघावं तिथं मांजर. कपाटावर एक, टीव्हीमागं एक, विलासरावांच्या खुर्चीखाली दोन. विलासराव मात्र मांजरांकडं न बघता पप्पांकडं बघून सारखे हसत होते. त्या हसण्याचं कारण मला कळत नव्हतं.

“मग सयामी?” मी विचारलं. सायबर कॅफेत बसून मी सगळ्या जाती पाठ केल्या होत्या.

“सयामी हुशार. पण दिवसभर बोलते, आणि उत्तर नाही मिळालं तर रुसून बसते. दुपारी घरी कोण असतं?”

मी तोंड उघडायच्या आत आत्या पुढं सरसावली. “तेच तर दुखणं आहे हो! घरात बाईमाणूसच नाही. पोरं शाळेतनं येतात, आपलं आपण कुलूप काढतात, गार झालेलं जेवतात. बघवत नाही मला. मी दादाला सारखं सांगतो, असं किती दिवस चालायचं?” आत्या कोल्हापुरातच राहायची आणि तिथल्या बायकांसारखं तीही ‘मी सांगतो, मी जातो’ असंच बोलायची.

“मग सयामी नको,” हेमाताई एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा माझ्याकडं वळल्या. “भाऊ कसा आहे तुझा?”

“म्हणजे?”

“शेपूट ओढतो? रागावला की हात उगारतो? सगळे मला मांजर कशी आहे ते विचारतात. पोरं कशी आहेत ते कुणी सांगत नाही. मग मी जोडी लावणार कशी?”

मी इंद्राकडं पाहिलं. पाच वर्षांचा माझा भाऊ जमिनीवर पोटावर पडून टीपॉयखालच्या करड्या मांजरीशी डोळ्याला डोळा भिडवून होता. अंगात मामाच्या लग्नातला जरीचा कुर्ता. मांजर बघायला जाताना जरीचा कुर्ता कशाला, असं मी सकाळी विचारलं होतं. “मोठ्या लोकांच्या घरी जायचंय,” असं म्हणून आत्यानं माझ्याही दोन घट्ट वेण्या घातल्या होत्या. अजून टाळू ठणकत होती.

“तो काहीच करत नाही,” मी म्हणाले. “नुसता बसतो.”

“कुठं?”

“फाटकापाशी.”

हेमाताई माझ्याकडं बघत राहिल्या. मी पप्पांकडं पाहिलं. ते खुर्चीच्या वेताचं एक सुटलेलं टोक नखानं उकरत होते. मग मी गप्प बसले, कारण पुढचं सांगायची मला बंदी होती.

पुढचं असं होतं. आमची आई आदल्या वर्षी मे महिन्यात पुण्याच्या दवाखान्यात गेली. गेली म्हणजे वारली. मला ते तेरावं झाल्यावर सांगितलं. इंद्राला सांगितलंच नाही. तो लहान आहे, त्याच्या मनावर परिणाम होईल, असं आत्यानं ठरवलं आणि पप्पांनी मान हलवली. आई अजून पुण्याला दवाखान्यातच आहे, बरी झाली की येणार आहे, असं त्याला सांगायचं ठरलं. फोनवर डॉक्टर बोलू देत नाहीत. शेजाऱ्यांना तशी ताकीद दिलेली, शाळेत बाईंना सांगून ठेवलेलं. आईचा चंदनाचा हार घातलेला फोटो पप्पांच्या कपाटात, शर्टांच्या मागं. पप्पा रोज आंघोळ झाली की कपाटाचं दार अर्धवट लावून घेत आणि आत हात घालून त्या फोटोला फूल वाहत. इंद्रा आला की दार बंद. वर्षश्राद्धाच्या दिवशी तर त्याला शेजारच्या काकूंबरोबर सर्कशीला पाठवलं होतं.

आणि हा मुलगा रोज संध्याकाळी इस्लामपूरच्या आमच्या घराच्या फाटकापाशी बसायचा. एस.टी. स्टँडकडून येणारी प्रत्येक रिक्षा बघायचा. रिक्षा पुढं गेली की माझ्याकडं वळून विचारायचा, “ताई, उद्या येईल?” आणि मी म्हणायचे, “येईल की.” हे म्हणायचं काम माझ्याकडं होतं. पप्पा कारखान्यातून मुद्दामच उशिरा यायचे असं माझं तेव्हाही मत होतं, आजही आहे.

एकदा शेजारच्यांची मांजर फाटकावर येऊन बसली आणि त्या दिवशी इंद्रा रिक्षा बघायला विसरला. मग मी पप्पांच्या मागंच लागले. मांजर आणा, मांजर आणा. एरवी साधी पेन्सिल आणायची तरी “बघू” म्हणणारे पप्पा लगेच हो म्हणाले. मांजरीचा केस पोटात गेला तर माणूस जातं असं मानणाऱ्या आत्यानं स्वतः हे घर शोधून काढलं. तरी मला काही संशय आला नाही. मला मांजर हवी होती, आणि ती अशी हवी होती की इंद्रानं तिच्यात डोकं खुपसून बसावं आणि मला पुन्हा “येईल की” म्हणायला लागू नये.

“मग पिल्लू घेऊ नकोस,” हेमाताई म्हणाल्या. “लहान मुलाच्या हातात पिल्लाचे हाल होतात. पिल्लू जीव वाचवायला ओरखडतं, मग मार त्यालाच. तू मोठी मांजर घे. एखाददुसरी वीण झालेली, घरातल्या गोंगाटाला सरावलेली. ही करडी आहे ना, ठमी, ती कुठल्या जातीची नाही. पण मुलांसाठी विचारशील तर मी हीच देईन.”

“जुनी कशाला?” आत्या म्हणाली. “नवीनच बघू की एखादी.”

विलासरावांना जोराचा ठसका लागला.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून त्यांची बायको ट्रे घेऊन आली. काचेच्या बशा, त्यात पोहे, वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. मांजर विकत घ्यायला आलेल्यांना एवढं? “हेमा, तू दे गं सगळ्यांना,” त्या म्हणाल्या.

“माझ्या हातांना केस आहेत मांजरांचे. तुम्हीच द्या, वहिनी.”

“हात धू आणि दे. बरं दिसतं.”

हेमाताई कपाळाला आठ्या घालून हात धुवून आल्या आणि बशा वाटू लागल्या. पप्पांना बशी देताना त्यांनी वर पाहिलं नाही, पप्पांनीही नाही. आत्या मात्र त्यांना नखशिखान्त न्याहाळत होती. ठमी टीपॉयखालून निघाली आणि सरळ इंद्राच्या मांडीवर चढून बसली. इंद्रा हलायचाच थांबला. श्वासही घेत होता की नाही कोण जाणे.

“पोहे तुम्ही केले?” आत्यानं विचारलं.

“वहिनींनी.”

“पण येतं ना सगळं? पुरण वगैरे?”

“येतं.” हेमाताई इंद्राकडं बघत होत्या. “तिच्या पोटाला हात लावू नको हं, कानामागं खाजव.”

“आणि शाळेचं कसं? इस्लामपूरला बदली मिळते काय हो तुमच्या संस्थेत?”

हेमाताईंच्या हातातली शेवटची बशी तशीच राहिली. “मांजरीसाठी?” त्यांनी विचारलं.

विलासराव पोहे चावत राहिले. हेमाताईंनी भावाकडं पाहिलं, मग पोह्यांकडं, मग इंद्राच्या जरीच्या कुर्त्याकडं. आणि तेवढ्यात इंद्राचा आवाज आला, अगदी आनंदाचा.

“ताई, हीच घेऊ या. आई पुण्याहून आली की तिच्या मांडीवर पण बसेल ही.”

“आई कुठं असते रे तुझी?” हेमाताईंनी विचारलं.

“पुण्याला, दवाखान्यात. बरी झाली की येणार आहे.”

हेमाताईंनी बशी टीपॉयवर आदळली. “दादा, हे काय आहे?”

विलासरावांचा घास तोंडातच अडकला. “अहो कुंदाताई, तुम्ही तर म्हणाला होता की...”

“वहिनी, ह्याला जरा मागची पिल्लं दाखवा की!” आत्या घाईघाईनं म्हणाली. इंद्रा ठमीला पोटाशी धरून वहिनींच्या मागं गेला. तो आत गेल्याबरोबर आत्यानं आवाज खाली आणला. “तसलं काही नाही हो. ती गेली. वर्ष झालं, वर्षश्राद्धसुद्धा झालं. म्हणून तर आता बघायला लागलो. ह्याला तेवढं सांगितलेलं नाही.”

बघायला लागलो. मी ते दोन शब्द ऐकले आणि जरीचा कुर्ता, वेण्या, खोबरं घातलेले पोहे, सगळं एकदम माझ्या ध्यानात आलं. मी पप्पांसमोर जाऊन उभी राहिले.

“तुम्हाला माहीत होतं?”

“केतकी, बस आधी.”

“माहीत होतं का?”

“तुम्हा दोघांना पसंत पडल्या तरच मी हो म्हणणार होतो,” पप्पा पुटपुटले. “म्हटलं, आधी सांगितलं तर तुम्ही बिथराल. मांजर बघता बघता ओळख होईल, सवय होईल...”

“मला पण हेच सांगितलं होतं,” हेमाताई म्हणाल्या. “इस्लामपूरचं गिऱ्हाईक आहे, पोरांसाठी मांजर हवीय. दादा, सासर सोडून आले तेव्हापासून किती जणांसमोर बसवलंस मला? मागच्या वेळी हात जोडून सांगितलं होतं की नाही, की आता पुन्हा नाही? पोह्यांची बशी हातात देऊन मला माझ्याच घरात फसवलंस?”

“तुझ्या भल्यासाठीच केलं ना, हेमा.”

“आणि आम्ही काय पोरांच्या वाइटासाठी केलं?” आत्याला चेव आला. “पोरांना कशाला मनस्ताप? हळूहळू सगळं अंगवळणी पडतं.”

“हळूहळू?” मी ओरडले. त्या घरात मी पहिल्यांदाच गेले होते, पण मला कशाचीच पर्वा राहिली नव्हती. “मागच्या वर्षी मेमध्ये पण असंच केलंत. ‘सुट्टी आहे, चला आत्याकडं’ म्हणून आणलंत. रंकाळ्यावर नेलंत, भेळ खायला घातलीत, घोड्यावर बसवलंत. आईला घरी आणलं होतं तेव्हा. घर माणसांनी भरलं होतं, आणि मी घोड्यावर बसून हसत होते! मला तिला बघूसुद्धा दिलं नाहीत तुम्ही!”

हे मी वर्षभरात कुणाला बोलले नव्हते. पप्पांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. झाकू देत, असंच वाटलं.

हेमाताई खाली बसल्या आणि पप्पांना म्हणाल्या, “तुमची मुलगी आल्यापासून मला एकच विचारतेय. कुठली मांजर रागावणार नाही, ओरखडणार नाही, निमूट मांडीवर बसेल. मांजरीचं मी सांगितलं. आता माझं सांगते. मी रागावते. माझ्यासाठी पुन्हा या दारात येऊ नका.”

“आणि मांजर?” मी विचारलं.

“मांजर देणार नाही.”

“का? मी काय केलंय? तुमचं भांडण यांच्याशी आहे! मला ती इंद्रासाठी हवीय!”

“मला माहीत आहे कुणासाठी हवीय ते.” त्या माझ्याशी बोलत होत्या, पण बघत पप्पांकडं होत्या. “ठमी आणखी आठ-दहा वर्षं जगेल. मग मरेल. तेव्हा त्या पोराला काय सांगणार तुम्ही? पुण्याला गेली म्हणून?”

पप्पांनी तोंडावरचे हात काढले.

“त्याला आधी आईचं सांगा,” हेमाताई म्हणाल्या. “सांगितलंत की या मुलीला घेऊन या. मांजर मी पैसे न घेता देईन.”

“घरी जाऊन सांगू,” आत्या उठली. “चल दादा. सवडीनं सांगता येईल.”

“घरी गेल्यावर हे सांगणार नाहीत,” मी म्हणाले. “कपाटाचं दार लावून घेतील. आत्ता सांगा.”

“परक्यांच्या घरात? वेड लागलं काय तुला?”

“आत्ता सांगा, पप्पा. नाहीतर मी जाऊन सांगते.”

मी खरंच निघाले. पप्पा झटकन उठले. माझ्या खांद्याला धरून त्यांनी मला मागं सारलं आणि स्वतः आत गेले. मीही त्यांच्या मागं गेले.

मागच्या पडवीत इंद्रा फरशीवर फतकल मारून बसला होता. मांडीवर ठमी होती आणि बाजूच्या खोक्यात पिल्लं. आमची तोंडं बघून वहिनी निमूट आत निघून गेल्या. पप्पा त्याच्यासमोर उकिडवे बसले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. आई पुण्याला नाही, असं म्हणाले. ती खूप आजारी होती, डॉक्टरांना जमलं नाही, ती वारली, आता ती येणार नाही. “वारली म्हणजे?” इंद्रानं विचारलं, तर पप्पांनी ते पुन्हा, आणखी सोप्या शब्दांत सांगितलं. वर्षभर जे जमलं नाही ते सांगायला त्यांना फार वेळ लागला नाही, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला.

ठमी आमच्याकडं पुढं तीन आठवड्यांनी आली. हेमाताईंनी शब्द पाळला, आणि पप्पांनीही पुन्हा त्यांच्या दारात पाऊल टाकलं नाही. मी एकटी आत गेले होते, पप्पा गाडीत बसून होते. आत्याशी माझं आजही जेवढ्यास तेवढंच बोलणं आहे. पण त्या दिवशी पडवीत मला मांजरीचं भान नव्हतं. मी इंद्राच्या तोंडाकडं बघत होते. तो रडेल असं मला वाटलं होतं. तो रडला नाही. त्याचा चेहरा हळूहळू लाल होत गेला, आणि मी तो चेहरा ओळखला, कारण वर्षभर मी तोच घेऊन वावरत होते.

“ताईला माहीत होतं?” त्यानं पप्पांना विचारलं.

पप्पांनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं. एका क्षणात त्यांच्या डोळ्यांत ती जुनी माया आली, सगळं पोटात घालणारी, सगळं झाकणारी.

“नाही रे बाळा,” ते म्हणाले. “ताईला कुठलं माहीत? तिला पण आजच सांगितलं.”

“होतं,” मी म्हणाले. “मला माहीत होतं.”

इंद्रानं ठमीला खाली ठेवलं, अगदी अलगद. मग तो उठून माझ्याकडं आला, माझा हात दोन्ही हातांनी धरला आणि मनगटाला कडकडून चावला. पप्पा त्याला ओढायला धावले. मी त्यांना दुसऱ्या हातानं थोपवलं आणि तो सोडेपर्यंत हात तसाच राहू दिला.